फिट

डोळे झाले. कान झाले. उंची, वजन, रक्तदाब, सगळ्यांपुढे बरोबरच्या खुणा. खुर्चीत बसल्या बसल्याच आपण जमिनीपासून दोन इंच वर आहोत, असं सविताला वाटायला लागलं होतं. फॉर्मचं शेवटचं पान उरलं होतं. त्यावर डॉक्टरांची सही झाली, की वैमानिकाच्या ट्रेनिंगला जायला ती मोकळी.

“फिट वगैरे?” डॉक्टरांनी तिच्या आईला विचारलं.

“लय फिट हाय,” नवसाबाई म्हणाली. “हरसूलच्या चढाला पोरांना मागं टाकती.”

“तसं नाही हो. आकडी, चक्कर, शुद्ध हरपणं?”

“छे, तसलं काय नाय. एकदा फक्त देवी आली व्हती अंगात.”

पेन थांबलं.

“कधी?”

“दहावीच्या सुट्टीत. हिची सुपारी फुटायची व्हती, त्याच दिवशी.” नवसाबाई आता खुलली. “डोळे पांढरे, दातखीळ. चौघा बाप्यांना आवरंना. मग बोलली, पोरगी शिकंल, लगीन मोडा. मोडलं.”

आई एकेका शब्दागणिक विमान खाली आणत होती, आणि तेही कौतुकानं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “याला आम्ही फिट म्हणतो, आई. मला तसं लिहावं लागेल. आणि फिट येणाऱ्याच्या हातात विमान देत नाहीत.” मग ते सविताकडे वळले. “फिटमधलं नंतर काही आठवत नसतं. त्या वेळचं तुला काही आठवतं?”

सवितानं फॉर्मच्या शेवटच्या पानाकडे पाहिलं. आठवत नाही म्हटलं, तर विमान गेलं. आठवतं म्हटलं, तर देवी गेली. त्या देवीचा मंगळवार आईनं दोन वर्षांत एकदाही चुकवला नव्हता.

“सगळं आठवतं.” तिनं आईकडे पाहिलं नाही. “नवऱ्या मुलाच्या मामानं दचकून चहा मांडीवर सांडला. मला हसू आलं, म्हणून दात आवळून धरले. डोळे मीच फिरवले होते.”

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा चढवला.

“मेंदूची एक तपासणी करून आणा,” ते म्हणाले. “ती स्वच्छ आली, की सही करतो.”

जिन्यात नवसाबाई पुढे, सविता मागे. शेवटच्या पायरीवर आई थांबली आणि मागे न बघताच बोलली.

“गावात यातलं बोलू नको.”

“लाज वाटली तुला?”

“तुझ्यामागं तिघींच्या अंगात देवी आली, सुपारीच्याच दिवशी. लहानूच्या पोरीची सुपारी आइतवारी हाय.”