कावळ्याच्या जागी

वसाहतीत कावळे नव्हते, म्हणून दहाव्याचा पिंड कृष्णविवरात सोडत. आत पडण्याआधी तो तापून उजळे, त्याच्या वस्तुमानातला काही भाग प्रकाश होई आणि त्या मूठभर भातावर वसाहतीचे दिवे आठवडाभर चालत. ऊर्जामापकाचा काटा हलला, की कावळा शिवला असं लोक मानत.

झडप उघडण्याचं काम इंजिनिअर शर्वाणी तांडेलकडे होतं. आज गोमा घरतांचा दहावा होता. त्यांचे दोन मुलगे, जनार्दन आणि विलास, खोलीच्या दोन टोकांना उभे होते. कित्येक वर्षं दोघांत बोलणं नव्हतं.

मुलांची आई शर्वाणीजवळ आली. "पोरी, हे विवर कधी अडून बसत नाही का गं?"

"नाही, काकू. कचरा टाका, पिंड टाका, लगेच घेतं."

"कावळा अडून बसायचा. मग गेलेल्याची इच्छा पुरी करू, असं घरच्यांना कबूल करावं लागायचं. ह्यांचा जीव या दोघांत अडकला होता."

शर्वाणीने झडपेच्या खटक्यावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. काटा जागचा हलला नाही.

"घेत नाहीये," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

जनार्दन वसाहतीच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. विवर काहीच नाकारत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने खटक्यावरच्या बोटाकडे पाहिलं, मग आईकडे. बऱ्याच वेळाने त्याने हात जोडले.

"बाबा, विलासला आज जेवायला घरी नेतो."

काटा हलला.