पाव ग्रॅमचा पत्ता

"काका, पाव ग्रॅम प्लुटोनियम कुणी खिशात घालून घरी नेतं का?" तपासनीस बाईंनी विचारलं.

काका हसले. प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण बाईंनी आणलेल्या जुन्या नोंदवहीत सही त्यांचीच होती. "खिशात नाही नेलं."

जिथे उन्हाचा पत्ता नाही इतक्या लांब यान पाठवायचं, तर त्याला ऊब आणि वीज प्लुटोनियमच देणार. सरकारची अट एकच. देशातला कण न् कण ताब्यात आला पाहिजे, मगच परवानगी. सगळं जुळलं होतं, हा पाव ग्रॅम सोडून. सोमवारच्या बैठकीआधी तो मिळाला नाही, तर पुढची संधी चौदा वर्षांनी. बाईंची नऊ वर्षं या यानाच्या कामात गेली होती. त्या पाव ग्रॅमने त्यांची झोप उडवली होती आणि खरं सांगायचं तर कुतूहलही चाळवलं होतं.

"आई कशी आहे?" काकांनी पाण्याचा पेला पुढे केला. "आमची सगळी टिपणं तीच टाइप करायची."

"तिचं बरं चाललंय. विषय बदलू नका."

"त्या पाव ग्रॅमचा पेसमेकर केला आम्ही," काका म्हणाले. "पन्नास वर्षं बॅटरी बदलायला नको असा. एकच बनला आणि योजना गुंडाळली. सगळं गुप्त होतं. पेशंटलाही तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं."

बाईंची नजर त्यांच्या छातीकडे गेली.

"इकडे नको बघूस. माझ्या हृदयाला आजवर कुणी हात लावलेला नाही, बायकोनेसुद्धा!"

बाईंना हसू आलं. "पेशंट हयात आहे?"

"ठणठणीत."

"मग सुटलोच की! तो काढून साधा बसवू. सरकार सगळं बघेल."

"या वयात पुन्हा चिरफाड? टेबलावरच काही झालं म्हणजे?"

"एका माणसासाठी अख्खं यान अडवायचं? नियम सगळ्यांना सारखा."

"नक्की?"

"नक्की. पत्ता सांगा."

काका सावकाश सांगू लागले. रस्त्याचं नाव लिहिताना बाईंचं पेन जरा अडखळलं. इमारतीचा क्रमांक त्यांनी काकांच्या आधीच लिहून टाकला. मजला काकांनी सांगितला, पण बाईंनी तो लिहिला नाही. त्या दाराची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये होती.