जोडप्याची खोली

कौशल्याबाईला या मुक्कामातून नातू मिळवायचा होता. नात झाली असती तरी तिची तक्रार नव्हती. त्यासाठी तिनं दुभती शेळी विकली, मुलाला न् सुनेला लिंबागणेशहून एसटीनं डोंगरातल्या अंबाजोगाईला आणलं, योगेश्वरीची ओटी भरायला लावली आणि देवळाजवळच्या स्वस्त लॉजवर येऊन भरदुपारी जोडप्याची खोली मागितली.

तारीखही तिनंच काढली होती. सून पाळीत बाहेर बसली त्याला आज तेरावा दिवस. हे गणित तिनं गावातल्या आशाताईकडून नीट समजून घेतलं होतं.

"तिघं का?" मॅनेजर धुळाजीनं विचारलं.

"दोघं. मी हितं बाकड्यावर बसते."

"कावून मावशी? तिसरी गादी टाकून देतो की वर."

"घरी एकच खोली हाय. सहा वर्षं झाली, मीच तिसरी हाय तिथं."

धुळाजी हसला. अजिनाथनं मान खाली घालून दोघांची आधार कार्डं पुढं केली. रोहिणी जिन्याकडं बघत राहिली.

"जा वर, पंखा लावा," कौशल्याबाई म्हणाली. "हत्तीखाना संध्याकाळी बघू. दगडाचे हत्ती कुटं पळून जात न्हाईत."

दोघं गेल्यावर तिनं पाय वर घेतले. "त्यायला कुणी हाक मारायची न्हाई. चा बी न्यायचा न्हाई."

"पहारा लई कडक हाय, मावशी."

"सहा महिने उसात राबायचं, सहा महिने माझ्या नजरेपुढं. लेकरांनी संसार करावा कधी?"

धुळाजीनं तिच्यासाठी चहा मागवला. तिनं तो उपासाच्या तोंडानं नाकारला.

वर अजिनाथनं कडी लावली, टीव्ही मोठा केला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. रोहिणी पलंगाच्या कडेवर बसली.

"आजून किती महिने उगंच बाहेर बसणार तू?" त्यानं विचारलं.

"आत्याबाई हायेत तवर."

"मी आज सांगून टाकतो."

"नगं. तुमी सांगून मोकळे व्हाल. त्या कुटं जातील?"

तीन हंगामांमागं, महिन्याला कामाचे खाडे पडू नयेत म्हणून, रोहिणीला फडातून दवाखान्यात नेऊन तिची गर्भपिशवी काढून घेतली होती. त्याचा खर्च मुकादमानं केला, या खोलीचा कौशल्याबाईनं. अजिनाथनं फक्त सही केली होती.