देवळीतली काजळी

काडी ओढली जाणार, तेवढ्यात दीपमालेने अंबूबाईंचे मनगट धरले.

"मावशी, नको. इथे दिवा लावायचा नाही."

विहिरीच्या कठड्यावर हळदीकुंकवाची बोटे उमटली होती. साती आसरा म्हणून सात खडे मांडून झाले होते. तुपात भिजलेली वात निरांजनात सिद्ध होती. पूजा झाल्यावर ते निरांजन कठड्यातल्या देवळीत ठेवायचे; दर दिवाळीला घरच्या सुनांनी लावलेल्या पणत्यांनी त्या देवळीचा माथा काळाभोर झाला होता.

मागे, उंबराच्या सावलीत, मंजुषा तान्ह्या लेकीला कुशीत घेऊन उभी होती. सव्वा महिना पुरा झाला होता. आज बाळंतिणीने विहीर पुजायची, तिचे पाणी कळशीत भरून घरात न्यायचे आणि मग पुन्हा संसाराला हात लावायचा. मंजुषा तान्ही असताना अंबूबाईंनी तिला घेऊन हीच विहीर पुजली होती. लेकीच्या वाट्याला हा दिवस फार उशिरा आला होता. तो येईल की नाही, हे विचारण्याचेही अंबूबाईंनी मध्यंतरी सोडून दिले होते.

"नाव काय म्हणालीस तुझं?"

"दीपमाला."

"नाव दीपमाला, आन् दिवा लावू नको म्हणतीस?"

झेंडूच्या वाफ्याशी बसलेले अंबूबाईंचे यजमान गोटीराम हसले. "तिला कशाला बोलतीस? बारशाला तिला कुनी इचारलं व्हतं का?"

दीपमालाही हसली, पण तिने मनगट सोडले नाही. दुसऱ्या हाताने काडेपेटी काढून घेतली आणि आपल्या पिशवीत टाकली. मग मंजुषेकडे वळून म्हणाली, "ताई, तुम्ही तिथेच थांबा. बाळाला इकडे आणू नका."

सिंहस्थासाठी रुंद होत असलेल्या रस्त्यापलीकडे पेट्रोलपंप होता. तिथे जमिनीत पुरलेल्या जुन्या टाक्यांपैकी एखादी पाझरत असावी, अशी शंका आल्यावरून तपासणीला आलेली दीपमाला सकाळपासून मातीचा माग काढीत होती. गिरमिटाने खोलवरची माती काढायची, हुंगायची, काचेच्या बरणीत बंद करायची आणि पुढे सरकायचे. असे करीत ती पंपापासून या मळ्यापर्यंत आली होती. वास तिच्या आधीच पोहोचला होता.

दोरीला बांधलेली पारदर्शक नळी तिने विहिरीत सोडली व हळूच वर काढून उन्हात धरली. नळीत खाली पाणी होते. त्यावर दोन बोटे जाडीचा तांबूस थर निश्चल तरंगत होता.

"हे वर तरंगतंय ते पाणी नाही, मावशी. पेट्रोल आहे. त्याची वाफ विहिरीत भरलीय. तुम्ही काडी ओढली असती तर…" तिची दृष्टी उंबराकडे गेली.

गोटीराम उठून उभे राहिले. हसू मावळले होते. "वास येत व्हता लय दिवसांपून. मला वाटलं, मोटारीचं तेल सांडलं आसंल."

अंबूबाई नळीकडे पाहत राहिल्या. "खालचं तर पाणीच हाय ना?"

"दिसतं पाणी. पण त्यातही उतरलेलं असतं."

"थेंबभर? बाळाच्या व्हटाला नुसतं बोट लावायचं आसतं गं."

"नको, मावशी."

"मग कधी?"

"टाकी काढायची, माती काढायची, विहीर उपसत राहायची… वर्षं जातील."

"किती?"

खोटे सांगणे त्या क्षणी सोपे होते; दीपमालेने ते टाळले. "ही तान्ही शाळेत जाईल तोवर तरी नाही. पुढचं मला नाही सांगता यायचं."

"नळाचं भर कळशीत," गोटीराम समजुतीने म्हणाले. "देवाला काय कळतंय?"

"देवाला नसंल कळत." अंबूबाईंनी कठड्यावर तळवा टेकला. "हिला कळतं."

मग त्यांनी न पेटलेले निरांजन उचलले आणि ओवाळले. वाऱ्याने ज्योत विझू नये म्हणून आडोसा धरावा, तसा त्यांचा डावा हात निरांजनाभोवती होता. उंबराखालून मंजुषेने वाकून नमस्कार केला. निरांजन देवळीत ठेवून अंबूबाई रिकाम्या कळशीपाशी थबकल्या.

"रित्या हातानं कशी जाऊ हिच्यावरून?"

त्यांनी देवळीत हात घातला, तिच्या माथ्यावरून बोट फिरवले आणि काळे झालेले ते बोट दीपमालेपुढे धरले.

"ही चालंल का गं? का हिच्यातबी उतरलंय?"

दीपमाला वाकली. सकाळपासून माती हुंगली, तितक्याच एकाग्रतेने तिने ते बोट हुंगले. त्याला जुन्या पणत्यांच्या करपल्या तेलाचा वास होता. दुसरा कसलाही नव्हता.

"चालेल."

बोटावरचे पुसले जाऊ नये म्हणून हात जपत अंबूबाई उंबराखाली गेल्या आणि त्यांनी तान्हीच्या गालावर तीट लावली. मग मंजुषेला म्हणाल्या, "इहिरीकडचं हाय. आता चल घरात."

निघताना दीपमालेने पिशवीतून काडेपेटी काढली व पुढे केली. अंबूबाईंनी काजळी लागलेल्या बोटानेच ती मागे सारली.

"ठिव तुझ्यापाशी. पाणी बरं झालं, की घेऊन ये."