एकच तुकडा

“चाकू लावण्याआधी अजून एकदा विचार करा, बाबा,” मुलगी म्हणाली.

“तीस वर्षं विचारच केला. आता लावू दे.”

खनिजांच्या तज्ज्ञ बाईंनी चष्मा सारखा केला. टेबलावर कापसात एक राखाडी, आकाराच्या मानाने चांगलाच जड तुकडा होता. खाणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला असताना बाबांना तो एका बोगद्यात सापडला. चांदी आणि गंधकाचं दुर्मीळ खनिज, असं त्यांचं म्हणणं. त्याच आठवड्यात तो बोगदा पाण्याखाली गेला, दुसरा तुकडा मिळाला नाही. सहकारी त्यांना ‘चांदीशेठ’ म्हणून चिडवू लागले. एकुलता एक पुरावा खरवडायला बाबांचा हात धजावला नाही. त्यांनी तो डबीत बंद करून टाकला.

“शिशाचं साधं खनिजही असंच दिसतं, भावंडंच म्हणा ना,” बाई म्हणाल्या. “पण त्याच्या चौकोनी कपच्या उडतात. तुम्ही म्हणता ते चांदीचं असेल तर मेणासारखं कापलं जाईल.”

“मला शिकवताय?” बाबा हसले. “आमची लेक हे पाळण्यात शिकलीय.”

लेक टेबलापासून थोडी मागे सरकली. दोन महिने ती काही ना काही सबब सांगून ही भेट पुढे ढकलत होती. म्हाताऱ्या माणसाचा एवढा एक विश्वास तरी राहू द्या, असं ती बाईंना फोनवर म्हणालीही होती.

पातं टेकलं. टक् आवाज आला. चार चकचकीत चौकोनी कपच्या कापसावर पडल्या.

बाबांनी त्या बोटांनी चाचपल्या, एकेक कड.

“शिसं,” ते म्हणाले. “म्हणजे हसणारे बरोबर होते. बाई, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं.”

संध्याकाळी त्यांनी बातम्या ऐकल्या, दोन घास जास्तच जेवले. ताटावरून उठताना म्हणाले, “चुकलो मी. बरं झालं, कळलं तरी.”

सकाळी ते उठले नाहीत.

डॉक्टर येऊन गेले. शेजारी नातेवाइकांना फोन करायला बाहेर गेले, तेव्हा ती पलंगाशी बसली. त्यांचा गार हात तिने हातात घेतला.

“तुम्ही चुकला नव्हता, बाबा,” ती म्हणाली. “अकरा वर्षांची होते मी. तापवलं की चांदी सुटते, असं तुमच्याच पुस्तकात वाचलं होतं. तुम्हाला चकित करायचं होतं. तुमचा तुकडा मी कोळशावर ठेवून फुंकणीने वितळवला, मग घाबरून डबीत शिशाच्या खनिजाचा खडा ठेवला. वाटाण्याएवढी चांदी निघाली होती.”