हात दिसला

टाळ्या थांबेनात, तेव्हा बाहुलीवाल्याची पाचावर धारण बसली. प्रयोगात चूक झाली की लोक चुळबुळतात, खुर्च्या वाजतात, एखादं पोर मोठ्याने जांभई देतं. चुकीला टाळ्या पडलेल्या त्याने उभ्या जन्मात ऐकल्या नव्हत्या.

आणि चूक काही साधीसुधी नव्हती. प्रयोगातला म्हातारा शिंपी पैज लावतो आणि सुईकडे न बघता, एका झटक्यात नेढ्यात लाल लोकर ओवतो. तिथे हशा पिकायचा, वर्षानुवर्षं पिकत आला होता. आज शिंप्याचा हात थरथरायला लागला. लोकर नेढ्याच्या या बाजूला जाई, त्या बाजूला जाई, आत काही शिरेना. वर फळीवर उभ्या बाहुलीवाल्याने दातओठ खाऊन दोऱ्या आवरल्या, तरी बोटं त्याचं ऐकेनात. शेवटी शेजारी उभ्या त्याच्या मुलीने आपली बाहुली, शिंप्याची नात, पुढे सरकवली. नातीने आजोबांचा हात धरला आणि लोकर ओवून दिली. वेळ मारून नेली, एवढंच.

आता पडद्यामागे माणसांची रीघ लागली होती. सगळ्यांत पुढे सभागृहाचा व्यवस्थापक. बाहेरच्या फलकावर ‘बच्चेकंपनीसाठी बाहुल्यांचा नाच’ असं यानेच लिहून घेतलं होतं. सकाळी बाहुलीवाला त्याला म्हणाला होता, “आम्ही नाचवत नाही हो, आम्ही बाहुली जागवतो.” त्यावर हा म्हणाला होता, “तेच ते.” तोच आता चष्मा पुसत होता.

“अहो, हा नाच नाही काही,” तो बाहुलीवाल्याला समजावून सांगू लागला. “ही कला आहे, कला!”

“माझे वडील डोळ्यांसमोर उभे राहिले,” पेंगुळलेली मुलगी खांद्यावर घेतलेली एक बाई म्हणाली. “ती थरथर! एकेका बोटाची! तुमच्यात काय म्हणतात हो त्याला?”

त्यांच्यात त्याला नाव होतं. ‘हात दिसला’ म्हणतात. बाहुली जागी झाली की बघणारा वरच्या हाताला विसरतो. हात दिसला की बाहुलीचं पुन्हा लाकूड होतं. बाहुलीवाल्याचा बाप हे दोन शब्द उच्चारायचा, त्या दिवशी घरात कुणाला घास गिळवायचा नाही. पुढे स्वतःची बोटं पहिल्यांदा थरथरली, तेव्हा बाहुलीवाल्याने मुलीकडून वचन घेतलं होतं. ज्या दिवशी हात दिसेल, त्या दिवशी तोंडावर सांगायचं. मग शिंपी तिच्या हवाली करून तो मोकळा होणार होता.

“नाव... तसं काही नाव नाही,” तो बाईंना म्हणाला आणि उगाचच दोऱ्या झटकू लागला.

माणसं गेली. त्याने शिंप्याला खुंटीला अडकवलं.

“खरं सांग. हात दिसला?”

मुलगी लोकर गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही. “दिसला, बाबा.”

“मग टाळ्या कसल्या वाजवत होते?”

“दिसला म्हणूनच.”

बाहुलीवाला मटकन पेटीवर बसला. “म्हणजे चांगलं झालं की वाईट?”

“मला नाही कळत हो,” ती म्हणाली.

त्यालाही कळत नव्हतं. जन्मभर जे लपवलं, त्यालाच आज लोकांनी कला म्हटलं. मग आधीची सगळी वर्षं काय होती? त्याला आनंद झाला होता आणि त्या आनंदाची लाजही वाटत होती. मग तो उठला, शिंप्याला खाली काढलं, आणि जिला दोऱ्या बांधलेल्या असतात ती लाकडी फुली मुलीच्या हातात दिली.

“शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून शिंपी तुझा.”

या फुलीवर तिचा लहानपणापासून डोळा होता. आता ती हातात आली तर तिला रडू फुटलं. पण ती फळीवर चढली. शिंप्याने रिकाम्या खुर्च्यांकडे बघत, एका झटक्यात लोकर ओवली. इतकं सफाईदार, की बाहुलीवाल्याचा ऊर भरून आला.

“छे छे, असं नको!” दिवे घालवायला आलेला व्यवस्थापक दारातून ओरडला. “उद्या लोक मघासारखं बघायला येणार. ती थरथर पाहिजे!”

मुलीने हात हलवून बघितला. शिंप्याला हुडहुडी भरल्यासारखं झालं. व्यवस्थापकाने तोंड वाकडं केलं. “बघा बुवा काय ते,” म्हणत तो निघून गेला.

मुलीचा हात खाली आला. “बाबा, मला नाही येत ते. शिकवा ना.”

“मला तरी कुठे येतं!” बाहुलीवाला म्हणाला.

तरी तो फळीवर चढला. तिच्या मागे उभा राहिला आणि फुलीवरच्या तिच्या हातावर त्याने आपला हात ठेवला. क्षणभर काहीच झालं नाही. मग खाली शिंप्याची बोटं हळूहळू थरथरू लागली. लोकर नेढ्याच्या या बाजूला गेली, त्या बाजूला गेली.

“हात दिसतोय?” त्याने दबक्या आवाजात विचारलं.

मुलगी वाकून शिंप्याकडे बघत होती.

“कुणाचा?” ती म्हणाली.