जुळता जुळता राहिलेले रंग

एक मोजा काळा, दुसरा गडद निळा.
निळ्या शर्टाला जांभळं बटण.
पांढऱ्या पडद्याला पिवळट ठिगळ.

तिन्ही करामती बाबांच्याच. खरं तर कापडाचे रंग जुळवण्यात अख्ख्या कारखान्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. कापड-डिझाइन शिकणाऱ्या लेकीचं मात्र शेवटच्या वर्षाचं काम, एक पट्ट्यापट्ट्यांचं कापड, अडून बसलं होतं. "रंग चोख आहेत, पण जीव नाही त्यांच्यात," म्हणत सरांनी ते दोनदा परत पाठवलं होतं. त्या बटणाकडे बघता बघता तिला एकदम सुचलं: जुळता जुळता राहिलेले रंग!

"बाबा, माझ्या पट्ट्यांचं सूत तुम्हीच निवडा."

"मला कशाला मध्ये ओढतेस? तुझं तू बघ की."

"आता भाव खाऊ नका हं!"

बाबांनी लडी खिडकीशी नेल्या, बराच वेळ चाचपल्या आणि त्यातल्या काही तिच्या हातात ठेवल्या.

प्रदर्शनात सर खूश झाले. "नियम मोडायचे तर आधी ते कोळून प्यावे लागतात," ते बाबांना म्हणाले. बाबा कसनुसं हसले. कापडावर बोट टेकवून लेकीला म्हणाले, "हा निळा झकास उठलाय गं."

बोटाखालचा पट्टा जांभळा होता. ती हसायला गेली, पण हसू ओठांवरच राहिलं.



रंग ओळखू येईनात म्हणून कारखान्याने बाबांना गेल्या वर्षीच, घरी कोणाला न कळता, फाटकावर राखणीला बसवलं होतं.